एका विशेषणाची कुळकथा

१९६१ सालचा पावसाळा सरत आला होता. त्या दिवशी संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले ते नेहमीसारखेच आले. टोपी खुंटीला अडकवली, पाय धुतले, ओसरीवर बसून चहा घेतला, आणि मग कोटाच्या आतल्या खिशातून एक लांबट लिफाफा काढून माझ्यापुढे धरला. "तुमच्या शाळेत इंग्रजीचा मोठा कोश आहे ना? यातला हा शब्द उद्या पाहून ये." शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती. मी तेव्हा आठवीत होतो. अक्षर न् अक्षर लावून मी वाचले : 'फ्लेग्मॅटिक'.

तीन-चार ओळींचेच टंकलिखित पत्र होते ते. सरकारी नोकरांच्या कामाचा वरिष्ठांनी दर वर्षी लिहायचा एक गुप्त अहवाल तेव्हा असे. त्यात चांगले लिहिले तर ते गुप्तच राही. प्रतिकूल लिहिले तर मात्र ज्याचे त्याला लेखी कळवत, आणि त्यावर काही म्हणायचे असल्यास मुदतीत म्हणा, असेही सांगत. अण्णा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अव्वल कारकून होते. पुढची बढती दृष्टिपथात होती. त्या वर्षी नव्याने आलेल्या साहेबांनी त्यांच्याविषयी लिहिले होते की कामात चूक नाही, परंतु स्वभाव 'फ्लेग्मॅटिक' आहे. कामात चूक नाही आणि तरीही शेरा प्रतिकूल, तेव्हा तो सगळा भार या एका विशेषणावर होता.

अडचण अशी की अण्णांचे शिक्षण झाले ते निजामाच्या राज्यात. तिथे कचेरीची भाषा उर्दू आणि वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दूच. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि या बारा वर्षांत अण्णांच्या पिढीच्या कारकुनांनी घरची मराठी, शाळेची उर्दू आणि साहेबाची इंग्रजी अशी तीन खाती एकाच चोपडीत सांभाळली. खलिता आणि मिसल यांत ते पट्टीचे होते. इंग्रजी मसुदा समजायचा. पण असा एखादा शब्द आला की गाडी रुळावरून घसरे.

दुसऱ्या दिवशी मी कोश पाहिला. पहिला अर्थ होता 'कफयुक्त, कफप्रकृतीचा'. दुसरा होता 'मंद, थंड, भावनाशून्य'. दोन्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि घरी आल्यावर पहिला तेवढा मोठ्याने वाचून दाखवला. दुसरा वाचायला माझी जीभ वळली नाही. आजी माजघरात गहू निवडत होती. तिच्या कानावर 'कफ' एवढेच पडले. "मी कधीची सांगतेय, पहाटे थंड पाणी अंगावर घेऊ नको म्हणून. आता कचेरीतल्या लोकांनासुद्धा दिसायला लागलं!" त्याच रात्रीपासून अडुळशाचा काढा सुरू झाला. अण्णा तो एक शब्दही न बोलता प्याले. त्यांनी माझी वही मागून घेतली, पान उलटले, आणि दुसरा अर्थही वाचला. वही परत देताना म्हणाले, "अक्षर सुधार."

त्यानंतर साठ वर्षे झाली तरी हा शब्द माझ्या मागे आहे. मी भाषांचा पंडित नव्हे. पण घरात आलेल्या पाहुण्याचे गाव-घराणे विचारावे तशी मी याची चौकशी करीत आलो. जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगे आहे असे वाटते.

पहिली गंमत उच्चाराची. याचे मूळ नाम, म्हणजे कफ या अर्थाचा इंग्रजी शब्द, लिहिताना त्यात 'ग' असतो. पण बोलताना तो गिळतात आणि नुसते 'फ्लेम' म्हणतात. विशेषण झाले की गिळलेला 'ग' पुन्हा वर येतो. ज्वाळेला इंग्रजीत फ्लेम म्हणतात तो शब्द निराळा आणि त्याचा उच्चारही जरा निराळा; पण ऐकणाऱ्या मराठी मुलाला दोन्ही एकच वाटतात. मला तसे वाटले होते, आणि मी चुकलो म्हणून शाळेत हसूही झाले. मी तितकासा चुकलो नव्हतो, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

कारण या शब्दाच्या मुळाशी खरोखरच आग आहे. ग्रीक भाषेत 'फ्लेगेइन' म्हणजे जाळणे, पेटणे. त्यावरून 'फ्लेग्मा'. होमरच्या इलियडमध्ये हा शब्द येतो तो धडधडत्या ज्वाळेच्या अर्थाने. पुढे वैद्यांनी तो अंगातल्या दाहाला, सुजेला लावला. आणि सूज आल्यावर जे चिकट पाझरते त्यालाही बहुधा तेच नाव पडले. होता होता नाकातून वाहणारा, घशात अडकणारा थंडगार पदार्थ म्हणजे फ्लेग्मा, असे ठरून गेले. इंग्रजीतला ज्वाळेचा शब्द लॅटिनमधून आला असला तरी कुळ हेच. भाषाशास्त्रज्ञ आपल्याकडचा भृगू आणि गायत्री मंत्रातला 'भर्ग' हेही याच कुळाचे मानतात. तेव्हा भृगू ऋषी आणि अण्णांवरचा शेरा यांचे लांबचे का होईना, नाते निघते.

विस्तवावरून नाव पडलेल्या वस्तूला थंड कसे म्हणावे, ही शंका त्या काळातही एकाला आली होती. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात प्रोडिकस नावाचा एक शब्दांचा काटेकोर पंडित होऊन गेला. त्याचे म्हणणे असे की फ्लेग्मा हे नाव शरीरातल्या जळून करपलेल्या रसालाच द्या. नाकातल्या शेंबडाला 'ब्लेन्ना' असा वेगळा शब्द आहे, तो वापरा. व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर माणूस अगदी बरोबर होता. कोणी ऐकले नाही. सहा शतकांनंतर गेलन या वैद्याने त्याची ही सूचना नोंदवून ठेवली तीसुद्धा थोडी चेष्टेनेच.

ग्रीक वैद्यांची मूळ मांडणी आपल्याला परकी वाटणारी नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर जे ग्रंथ चालतात त्यांत 'मानवाची प्रकृती' नावाचा एक आहे. तो त्याच्या पॉलिबस नावाच्या जावयाने लिहिला असे मानतात. त्यात शरीराचे चार रस सांगितले आहेत : रक्त, फ्लेग्मा, पिवळे पित्त आणि काळे पित्त. फ्लेग्मा सर्वांत थंड, आणि तो हिवाळ्यात वाढतो. पुरावा काय? हात लावून पाहा, असे ग्रंथकार सांगतो; रक्त, पित्त आणि फ्लेग्मा यांना स्पर्श केलात तर फ्लेग्माच सर्वांत गार लागेल. शिवाय हिवाळ्यातच लोक नाक अधिक शिंकरतात. असा पुरावा आजीलाही पटला असता.

गेलनचा जन्म इसवी सन १२९ चा, पेर्गामोन या गावचा. ते आज तुर्कस्तानात आहे. आधी त्याने आखाड्यात लढणाऱ्या गुलामांच्या जखमा शिवल्या आणि पुढे तो रोमच्या बादशहाचा वैद्य झाला. बादशहा म्हणजे मार्कस ऑरेलियस. सुखदुःखाने विचलित होऊ नये असे शिकवणाऱ्या स्टोइक पंथाचा सर्वांत प्रसिद्ध अनुयायी. एकदा या बादशहाचे पोट बिघडले. इतर वैद्य तापाची सुरुवात सांगत होते. गेलनने नाडी पाहून सांगितले की ताप वगैरे काही नाही, खाल्लेले अन्न पोटात फ्लेग्मा होऊन बसले आहे. दुसरा कोणी रोगी असता तर मी दारूत मिरी घालून दिली असती, राजेलोकांना मात्र नार्डच्या कोमट तेलात भिजवलेली लोकर पोटावर बांधणे सुरक्षित, असे तो म्हणाला. बादशहाने लोकर बांधून घेतली आणि वर मिऱ्याची दारूही मागवून घेतली. मिरी मलबारची आणि नार्ड म्हणजे हिमालयातली जटामांसी. जगातल्या सर्वांत निर्विकार बादशहाचा कफ आपल्या औषधांनी उतरला, ही हकीकत गेलनने स्वतः लिहून ठेवली आहे. आणि स्वतःची बढाई मारण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता हेही सांगून ठेवतो.

शरीराच्या रसांवरून माणसाचा स्वभाव ओळखायचा, ही कल्पना गेलनच्या लिखाणात आहेच. चार रसांचे चार स्वभाव असे चोख कोष्टक मात्र त्याच्यानंतरच्या शतकांत बसले. ते जगभर पोचले कसे, ही गोष्ट मोठी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक नावाचा एक ख्रिस्ती वैद्य होता. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी गेलनचे शंभराच्या आसपास ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. अरबीत 'प' हा वर्ण नाही. फ्लेग्मा त्या तोंडी बसला तो 'बलगम' होऊन. पुढे इब्न सिनाच्या 'कानून' ग्रंथातून हा बलगम एकीकडे इराणमार्गे हिंदुस्थानात उतरला आणि इथल्या युनानी हकिमांच्या दवाखान्यांत स्थिरावला. युनानी म्हणजे ग्रीकच. नावातच पत्ता लिहिलेला आहे. दुसरीकडे बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने तोच ग्रंथ लॅटिनमध्ये नेला आणि युरोपच्या विद्यापीठांत तो पुढची कित्येक शतके पढवला गेला.

इथे मला पुन्हा आमच्या ओसरीवर यावे लागेल. आमच्या आळीच्या टोकाला एक वृद्ध हकीमसाहेब राहत. अण्णांचे आणि त्यांचे उर्दू शेरांवरून जमे. शेऱ्याची गोष्ट अण्णांनी घराबाहेर फक्त त्यांनाच सांगितली. हकीमसाहेबांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. कोशातले दोन्ही अर्थ अण्णांनी उर्दूत करून सांगितले. हकीमसाहेबांनी हुक्क्याची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "अरे, ये तो बलगमी मिजाज हुआ!" मग बोटांवर मोजून त्यांनी चारही मिजाज सांगितले : दमवी, सफरावी, सौदावी आणि बलगमी. बलगमी म्हणजे थंड आणि ओला. उशिरा रागावणारा, फार झोपणारा. "झोप जास्त आहे का?" त्यांनी विचारले. अण्णा म्हणाले, "सध्या नाही."

एकच ग्रीक शब्द आमच्या गावी दोन वाटांनी आला होता. एक बगदादवरून हकीमसाहेबांकडे, आणि दुसरा तोलेदो, पॅरिस, लंडन करीत साहेबाच्या टंकलेखन यंत्रात. ती दोन टोके त्या ओसरीवर जुळली. अण्णांना मराठी 'कफ'ने जो उलगडा झाला नव्हता तो 'मिजाज' म्हणताच झाला, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. अर्थात त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाटणे ही गोष्ट सोपी नव्हती.

इंग्लंडात हा शब्द फ्रेंचमधून गेला. मध्ययुगात तो इंग्रज लोक उच्चाराप्रमाणे सरळ 'फ्लूम'सारखा लिहीत. पुढे विद्येचे पुनरुज्जीवन झाले आणि ग्रीक शिकलेल्या पंडितांनी त्याला त्याची मूळची अक्षरे परत चढवली. 'ग' लिहायचा पण बोलायचा नाही, ही पीडा तेव्हापासूनची. चार रसांना इंग्रजीत 'ह्यूमर' म्हणत. ह्यूमर म्हणजे आधी ओलावा, मग अंगातला रस, मग मनाची लहर, आणि लहरी माणसांना रंगभूमीवर आणून हसता हसता विनोद. १५९८ साली बेन जॉन्सनचे 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' लंडनमध्ये झाले. त्यात खुद्द शेक्सपिअर नट म्हणून उभा होता. दिवाळी अंकांतून आपण जो विनोद दर वर्षी वाचतो, त्याच्या इंग्रजी नावाचे मूळ असे नाकाघशातल्या ओलाव्यात आहे.

शास्त्र म्हणून या रसांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. फ्लेग्मा मेंदूतून खाली गळतो असे मानत. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला लॅटिनमधल्या कफाच्या नावावरून 'पिट्युइटरी' हे नाव पडले ते त्यामुळेच. आपण तिला पीयूष ग्रंथी म्हणतो, आणि मला तरी आपले नाव अधिक आवडते. १६६० साली श्नायडर या जर्मन वैद्याने दाखवून दिले की शेंबूड मेंदूतून येत नाही, नाकाच्या आतल्या अस्तरातून येतो. त्याआधी १६२८ साली हार्वीने रक्ताभिसरण सिद्ध केले होते. तरी रस कमी करण्यासाठी रक्त काढण्याची चाल सुटली नाही. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तेव्हा वैद्यांनी त्याचे एका दिवसात वारंवार रक्त काढले, आणि तो त्याच रात्री गेला. १८५८ साली फिर्खोने रोगाचे मूळ पेशीत शोधले आणि चार रसांचा संसार आटोपला. विशेषणे तेवढी मागे राहिली.

आपल्याकडे चरकाने तीनच दोष मानले. पण त्याच्या कफप्रकृतीच्या माणसाचे वर्णन वाचताना मी थक्क झालो. चालणे, खाणे, बोलणे सावकाश. कामाला चटकन हात घालणार नाही, आणि चटकन खवळणारही नाही. इथपर्यंत साहेब आणि चरक यांचे एकमत आहे. पुढे चरक म्हणतो की असे लोक बलवान, धनवान, विद्यावान, ओजस्वी, शांत आणि दीर्घायुषी होतात. धनवान हे आमच्या घरी खरे ठरले नाही. बाकीच्याबद्दल तक्रार नाही. प्रकृतीत असलेला कफ म्हणजे बळ आणि बिघडलेला कफ म्हणजे मळ, असेही तो एके ठिकाणी सांगतो. आणि श्लेष्मा हा शब्द 'श्लिष्' म्हणजे मिठी मारणे, जोडून धरणे, या धातूवरून आला आहे. ग्रीकांना त्यात जाळणे दिसले, आपल्या पूर्वजांना मिठी.

युरोपातही सगळ्यांनीच या स्वभावाला नावे ठेवली असे नाही. १७९८ साली छापलेल्या मानवशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात कांटने या थंडपणाचे दोन प्रकार केले. एक नुसता आळस. दुसरा गुण : असा माणूस उशिरा तापतो, पण तापला की ती ऊब फार वेळ धरून ठेवतो. चुलीवरच्या जाड बुडाच्या भांड्यासारखा, असे मी माझ्या पदरचे म्हणतो. फ्रेंचांनी तर हा गुण इंग्रजांना बहाल करून टाकला. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची फेरी' या १८७२ सालच्या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग हा त्याचा नमुना. हे गृहस्थ ऑक्टोबरच्या २० तारखेला मुंबईत उतरतात, शहराकडे ढुंकूनही न पाहता स्टेशनावर जेवतात आणि रात्रीच्या गाडीने कलकत्त्याला निघतात. गाडी घाट चढते, वेरूळ-औरंगाबादच्या आसपासच्या मुलखाचे वर्णन लेखक करतो; नायक खिडकीबाहेर पाहत नाही. पुढे रूळच संपतात. (प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० सालीच जबलपुराजवळ जोडला गेला होता, पण मग हत्ती कुठून आणायचा?) बुंदेलखंडात एका तरुण विधवेला चितेवर नेत आहेत असे कळल्यावर हाच माणूस आपल्याजवळ बारा तास शिल्लक आहेत असा हिशेब करतो, आणि तिला सोडवण्यासाठी थांबतो. आवाज चढत नाही, भुवई हलत नाही. लहानपणी मी ते पुस्तक वाचले तेव्हा फॉगचा चेहरा मला अण्णांचाच दिसे, फक्त टोपी वेगळी.

माझी धाकटी बहीण विषमज्वराने गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सुतक फिटल्यावर अण्णा कचेरीत गेले आणि संध्याकाळी रोजच्या वेळी परत आले. शेजारच्या बायका आजीजवळ कुजबुजल्या की पुरुषाचे काळीज दगडाचे. आजीने त्यांना काही उत्तर दिले नाही. पुढे कित्येक वर्षांनी ती मला म्हणाली, "त्या वर्षी तुझ्या बापानं शेंगदाण्याची चिक्की तोंडाला लावली नाही. तिला आवडायची." घरात हे तिच्याखेरीज कुणाच्या लक्षात आले नव्हते.

शेऱ्याला उत्तर देण्याची मुदत संपत आली. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी मोठ्या हौसेने दोन पानी मसुदा करून दिला. त्यात हा शब्द दोष नसून गुण कसा आहे याचे विवेचन होते आणि इंग्रज सेनापतींचे दाखलेही होते. अण्णांनी तो वाचला, मास्तरांना नमस्कार केला, आणि रात्री कंदिलाशेजारी बसून स्वतःच्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. ते पत्र मला त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या माघारी सापडले. कच्चा खर्डा, तीनदा खोडलेला. त्यात गुण नव्हते आणि सेनापतीही नव्हते. माझ्या स्वभावामुळे कोणत्या तारखेला कोणत्या प्रकरणाला किती दिवस विलंब झाला ते कृपा करून कळवावे, म्हणजे मला सुधारणा करता येईल, एवढेच विचारले होते.

त्याचे उत्तर आले नाही. दोन वर्षांनी साहेब बदलले आणि बढतीचा हुकूम आला. त्या रात्री जेवताना अण्णांनी दुसऱ्यांदा भात घेतला, ताक मागितले आणि मग म्हणाले, "ते झालं बरं का." आजीने विचारले, काय झाले? त्यांनी सांगितले. ती उठली, देवापुढे साखर ठेवली, आणि परत येताना काढ्याची वाटी घेऊन आली. अडुळसा दोन वर्षे चालू होता. आता तो सोडायचे तिला कारण दिसत नव्हते.